घरच्या फोटोंसाठी नवा कॅमेरा घ्यायचा का? मुलुंड-गिरगाव, जून ते सप्टेंबर २०२५

८ जून, रविवार

घरात कॅनन १३०० डी हा जुना कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची झूम लेन्स आहे (१८ च्या टोकाला रुंद दृश्य येतं, ५५ च्या टोकाला लांबचं जवळ दिसतं) आणि आम्हा दोघांचे फोन आहेत. गेल्या वर्षीच्या गौरी-गणपतीचे फोटो मनासारखे आले नाहीत. यंदा गणपती २७ ऑगस्टला बसतोय आणि सासूबाईंची पंचाहत्तरी त्याच दिवसांत येते. दिराचं म्हणणं, "वहिनी, त्या जुन्याला किती दिवस धरून बसणार? मिररलेस घेऊन टाका." मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा. बोनसचे सत्तर-ऐंशी हजार बाजूला काढलेले आहेत, त्यामुळे घेणं शक्य आहे. पण एवढे पैसे घालायचे तर आपले फोटो नेमके कशामुळे बिघडतात ते आधी कळायला हवं.

माझ्या दोन मैत्रिणी याच प्रश्नावर अडून बसल्या आहेत. त्यांच्यासाठी आणि अशाच इतरांसाठी हे लिहून ठेवतेय. गणपतीच्या आधी निर्णय घ्यायचा.

१४ जून, शनिवार

हार्ड डिस्कवरचे गेल्या वर्षभराचे फोटो उघडले. चांगले फोटो बाजूला ठेवले आणि फक्त बिघडलेले घेतले. त्यांचे ढीग केले: हललेले, फोकस चुकलेला, दाणेदार, पिवळट, डोळे मिटलेले. प्रत्येक फोटोची माहिती संगणकावर दिसते. शटर (उजेड आत येण्याचा वेळ) किती होतं, ॲपर्चर (लेन्सचं भोक; एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड) किती, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) किती, लेन्स कुठल्या टोकाला होती, सगळं. ते वाचत गेले.

सगळ्यात मोठा ढीग हललेल्यांचा निघाला, दुसऱ्या कुठल्याच ढिगाची त्याच्याशी बरोबरी नाही. आणि त्यातले जवळजवळ सगळे एकाच साच्यातले: सासरची गिरगावातली चाळीतली खोली, संध्याकाळची वेळ, लेन्स ५५ च्या टोकाला, एफ/५.६, आयएसओ १६००, शटर १/१३ किंवा त्याच्या आसपास. १/१३ सेकंदात आरतीला टाळ्या वाजवणारा माणूस स्पष्ट येणं शक्यच नाही, कॅमेरा कुठलाही असो.

हललेल्या फोटोंचे दोन प्रकार वेगळे करणं फार कामाचं ठरलं. मखर, भिंत, माणसं असं सगळंच फराटलेलं असेल तर आपला हात हलला. मखर स्पष्ट आणि फक्त पोराचा चेहरा पुसलेला असेल तर पोरगं हललं. पहिल्यावर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन उपाय करतं, दुसऱ्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. आमचे बहुतेक दुसऱ्या प्रकारातले आहेत. लेक पाच वर्षांचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

माथेरान, नॅशनल पार्क, शिवाजी पार्क इथल्या उघड्यावरच्या फोटोंत बिघाड शोधूनही फारसा सापडला नाही. म्हणजे कॅमेरा उजेडात उत्तम चालतो, घरात अडतो.

दुसरं एक सापडलं. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा मेनूत १६०० वर ठेवलेली होती. या कॅमेऱ्यात ती ६४०० पर्यंत नेता येते. नेली. खर्च शून्य आणि शटर थेट चौपट.

१५ जून, रविवार

किती शटर लागतं ते घरीच करून पाहिलं. मुलुंडच्या हॉलमध्ये रात्री ट्यूबलाइटखाली लेकाला खेळायला सोडलं आणि एकेका शटरवर फोटो काढत गेले.

बसून बोलणाऱ्या मोठ्या माणसाला १/६० पुरतो. जमिनीवर गाड्या खेळणाऱ्या पोराला १/१२५. सोफ्यावरून उडी मारताना १/२५० च्या खाली काही खरं नाही. घराच्या आत १/१२५ मिळाला की आमचं बहुतांश काम भागेल, असा अंदाज बांधला.

आता गिरगावचा हिशेब. एफ/५.६ आणि आयएसओ १६०० ला १/१३ मिळतो. आयएसओ ६४०० केलं की १/५०. अजून अडीचपट उजेड हवा. एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ ची लेन्स लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. म्हणजे आयएसओ १६०० लाच १/१२५ मिळेल आणि दाणेही कमी दिसतील. कागदावर तरी प्रश्न लेन्सचा दिसतोय.

२१ जून, शनिवार

फोर्टला, बोरा बझारला. कॅमेऱ्याची दुकानं आणि दुरुस्तीवाले तिथे एकाच गल्लीत भेटतात. रविवारी बरंचसं बंद असतं, तेव्हा शनिवारीच जावं.

दुरुस्तीवाल्याने लेन्स हातात घेतली, पुढचं-मागचं झाकण काढलं, ॲपर्चर उघडं ठेवून मागून टॉर्च मारला आणि माझ्यासमोर धरली. आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे. फंगस. नुसतं समोरून पाहिलं तर काच लख्ख दिसते, टॉर्च तिरका धरला की धागे उमटतात. मेमध्येच पाऊस सुरू झाला, २६ तारखेला मान्सून मुंबईत दाखल झाला आणि कॅमेरा तेव्हापासून कपाटात कापडी बॅगेत पडून होता. बॅगेचं स्पंज दमट हवा धरून ठेवतं.

साफ करायचे १,२०० रुपये, वेळ दोन आठवडे. त्याने स्पष्ट सांगितलं, "मॅडम, काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहील, आणि दमट ठेवलीत तर परत येईल." टाकली दुरुस्तीला.

शेजारच्या दुकानात भाव विचारले. कॅनन आर ५० हा मिररलेस किट लेन्ससह, म्हणजे सोबत येणाऱ्या लेन्ससह, सत्तर हजारांच्या आसपास. आमचा जुना बदल्यात दिला तर लेन्ससकट नऊ हजार. फंगस असल्याचं सांगितल्यावर तो आकडाही खाली आला. दुकानातल्या मुलाने आर ५० हातात दिला. डोळा ओळखून त्यावर चौकोन बसतो आणि माणूस हलला तरी चौकोन सोबत फिरतो. हे पाहून मन खरंच हललं. आमच्या १३०० डी मध्ये फोकसचे नऊ बिंदू आहेत आणि त्यातला मधला तेवढा भरवशाचा.

नवा घेणार असाल तर एक आवर्जून पाहा. या नव्या कॅमेऱ्याची किट लेन्स १८-४५, एफ/४.५-६.३ आहे. आमची जुनी १८-५५ एफ/३.५-५.६ होती. म्हणजे नवी लेन्स जुनीपेक्षा कमी उजेड आत घेते. घरातल्या अंधारासाठी नवा कॅमेरा घ्यायचा आणि जास्त अंधारी लेन्स घरी आणायची, हा सौदा मला तरी पटत नाही.

२८ जून, शनिवार

लेन्स दुरुस्तीला असल्याने फोनवर काढलेले फोटो पाहिले. गॅलरीत, दिवसा, जेवताना फोन झकास. तो पाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो, त्यामुळे स्थिर गोष्टी कमी उजेडातही छान येतात. पण हलणाऱ्या पोराचा हात एका फोटोत एकीकडे आणि दुसऱ्यात दुसरीकडे असतो, मग जोडताना बोटं विरघळतात. सासूबाईंच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या फोन गुळगुळीत करून टाकतो. त्या सुरकुत्या मला हव्या आहेत.

५ जुलै, शनिवार

लेन्स परत आली. कडेला किंचित डाग राहिला, फोटोत दिसत नाही.

ठेवण्याची व्यवस्था बदलली. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आत लहानसा आर्द्रतामापक, सगळं मिळून ७५० रुपये. हॉलमध्ये मापक ८५ टक्के दाखवत होता, डब्यात दुसऱ्या दिवशी ४८. चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचं. साठच्या वर गेलं की सिलिका बदलायची. रंग बदलणारी सिलिका घ्या, संपलेली डोळ्यांना दिसते आणि मंद आचेवर कढईत कोरडी करून पुन्हा वापरता येते. त्या कढईत पुढे स्वयंपाक करू नये. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला बऱ्याच जणांकडून आला. तांदळाची भुकटी लेन्सच्या फटींत जाते, तेव्हा नको.

१२ आणि १३ जुलै

विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन बघावं असं ठरवलं. आर ५० तिच्या किट लेन्ससह, शिवाय कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या ईएफ लेन्स बसवायचा ॲडॉप्टर आणि ईएफ ५० एफ/१.८ एसटीएम ही लेन्स. दोन दिवसांचे ३,००० रुपये, वर ओळखपत्र आणि परत मिळणारी अनामत. हे पैसे वाया गेले असं कुणाला वाटेल, पण मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त उपयोग याच खर्चाचा झाला.

शनिवारी संध्याकाळी गिरगावला गेलो. चाळीतली खोली साधारण दहा बाय बारा, एक खिडकी गॅलरीत उघडते, एक ट्यूब आणि देव्हाऱ्यावर पिवळा बल्ब. दोन्ही कॅमेरे तिथेच, त्याच माणसांवर, त्याच वेळेला वापरले.

पहिली तुलना किट लेन्सची, दोन्ही झूमच्या लांब टोकाला, आयएसओ १६००. जुना: एफ/५.६, १/१३. नवा: एफ/६.३, १/१०. दोन्हीत लेकाचा चेहरा पुसलेला. दीर शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, "हे काय, सारखंच की!" आयएसओ ६४०० वर मात्र नव्याचे दाणे बारीक आणि रंग टिकलेले, हा फरक मान्य करायला हवा.

दुसरी तुलना: दोन्ही कॅमेऱ्यांवर आळीपाळीने तीच ५० एफ/१.८. इथे चित्र बदललं. सासूबाई खिडकीशी बसून गवार निवडत होत्या. त्यांचे दोन्ही कॅमेऱ्यांवरचे फोटो इतके सुरेख आले की कुठला कशातून काढलाय ते मलाही लगेच सांगता येईना.

तिसरी तुलना गॅलरीत. लेक आणि पुतणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होते. नव्या कॅमेऱ्याने डोळे पकडून ठेवले, पाठोपाठचे बरेचसे फोटो स्पष्ट. जुन्याचा मधला बिंदू पोरं अंगावर धावत येताना सारखा मागे पडतो. अधूनमधून एखादा मिळतो. इथे नवा कॅमेरा उघड-उघड सरस आहे आणि कुठल्याही लेन्सने हे अंतर भरून निघणार नाही.

एक अडचण दोन्हीकडे सारखी. एफ/१.८ ला फोकसची खोली फार कमी. दीड मीटरवरून काढला तर स्पष्ट भाग जेमतेम सहा सेंटीमीटर. आजीचे डोळे टोकदार, मांडीवरच्या नातवाचे धूसर. दोन माणसं असतील तर एफ/२.८ किंवा एफ/४, आणि दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणायचे.

१९ जुलै, शनिवार

दादरच्या लॅबमधून ८ बाय १२ चे प्रिंट काढून आणले, ६४० रुपये. मागे पेन्सिलीने खूण केली आणि मिसळून सासूबाई, दीर, जाऊ यांच्यासमोर पसरले. बसलेल्या माणसांच्या फोटोंत कुणालाही जुना-नवा ओळखता आला नाही. धावणाऱ्या पोरांच्या फोटोंत तिघांनीही नव्याचे उचलले.

मेगापिक्सेलवरून जे विचार करतात त्यांच्यासाठी: जुना कॅमेरा १८ मेगापिक्सेलचा, फोटो ५१८४ बाय ३४५६ बिंदूंचा. १२ बाय १८ इंचाचा प्रिंट काढला तर इंचाला २८८ बिंदू मिळतात. भिंतीवर लावायला ते भरपूर झालं. नव्याचे २४ आहेत. घराच्या भिंतीवर तो फरक दिसणार नाही.

सासूबाई एक गोष्ट बोलून गेल्या. "अगं, इतके फोटो काढतेस, मला हे असे हातात कधी दिले नव्हतेस." पुढच्या खर्चात प्रिंटची रक्कम धरायची असं तेव्हाच ठरवलं.

२६ जुलै, शनिवार

खर्च दोन्ही बाजूंनी मांडला. नवा घ्यायचा तर सत्तर हजारांच्या वर ॲडॉप्टर, ५० ची लेन्स, जादा बॅटरी (जुन्या कॅमेऱ्याची यात बसत नाही) आणि पुढेमागे फ्लॅश. बेरीज लाखाकडे झुकते. जुन्यासाठी लेन्स आणि फ्लॅश मिळून पंधरा हजारांत काम.

दिराचा मुद्दा असा की लेन्स आज घेतली तरी कॅमेरा कधीतरी घ्यावाच लागेल. खरं आहे. पण ईएफ लेन्स ॲडॉप्टरवर नव्यातही चालते, हे आम्ही भाड्याच्या कॅमेऱ्यावर पाहिलंय, तेव्हा ते पैसे बुडत नाहीत. आधी उजेडाची सोय करायची, गणपतीत वापरून बघायचं, आणि तरीही अडलं तर नवी बॉडी, म्हणजे कॅमेरा. यावर एकमत झालं.

२ ऑगस्ट, शनिवार

बोरा बझारमधून वापरलेली ईएफ ५० एफ/१.८ एसटीएम घेतली, ५,८०० रुपये. त्याच दुकानात या लेन्सची आधीची आवृत्ती, ५० एफ/१.८ II, कमी पैशांत होती. तिचा माउंट (कॅमेऱ्यात अडकणारा भाग) प्लॅस्टिकचा आहे, फोकस करताना घरघरते आणि ४५ सेंटीमीटरपेक्षा जवळ जाता येत नाही. एसटीएमचा माउंट धातूचा आणि ती ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. थोडे जास्त मोजले.

जुनी लेन्स घेताना काय पाहिलं: टॉर्च तिरका मारून फंगस, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल, पुढचा भाग फोकस करताना न अडखळता आत-बाहेर होतो का, आणि तिथेच आपल्या कॅमेऱ्यावर लावून जवळचे-लांबचे फोटो. दुकानदाराने न कुरकुरता करू दिलं.

घरी येऊन लावली आणि अडचण समोर आली. या कॅमेऱ्याचा सेन्सर (आतला उजेड टिपणारा भाग) लहान असल्याने ५० ची लेन्स ८० सारखी वागते. तीन मीटर मागे सरकून आडवा फोटो काढला तरी चौकटीत सव्वा मीटरच्या आसपास रुंदी येते. तीन माणसं बसली की संपलं. दहा बाय बाराच्या खोलीत तीन मीटर मागे जायचं म्हणजे पाठ कपाटाला टेकते. आरतीला जमलेली पंधरा-वीस माणसं यात येणार कशी? त्यासाठी १८ चं टोकच हवं. तिथे तीन मीटरवरून पावणेचार मीटर रुंदी मिळते. पण तिथे एफ/३.५, म्हणजे पुन्हा उजेडाचा प्रश्न.

म्हणून फ्लॅश. कॅमेऱ्यावरचा नको, त्याने चेहरे पांढरेफटक आणि मागे काळ्या सावल्या येतात. डोकं फिरणारा हवा.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

गोडॉक्सचा टीटी ६८५ सी घेतला, ८,९०० रुपये. टीटी ६०० बराच स्वस्त आहे, पण त्यात ताकद दर वेळी हाताने लावावी लागते. पोरं कधी जवळ, कधी लांब. टीटीएल असला की तो आपला आपण अंदाज घेतो. ज्यांना सगळ्यांना एका जागी बसवून फोटो काढायचे असतील त्यांनी स्वस्तातला घ्यायला हरकत नाही.

गिरगावचा पहिला प्रयोग राखीच्या दिवशी, आणि तो फसला. फ्लॅशचं डोकं छताकडे वळवलं. मुलुंडला पांढऱ्या स्लॅबवर सुंदर उजेड पडला होता. चाळीचं छत उंच आणि लाकडी, वर्षानुवर्षांच्या तेलपाण्याने काळपट तपकिरी झालेलं. त्याने सगळा उजेड गिळला आणि जो थोडा खाली आला तो तपकिरी. फ्लॅश पूर्ण ताकदीने धापा टाकत होता, दोन फोटोंमध्ये थांबावं लागत होतं.

मग डोकं बाजूच्या भिंतीकडे फिरवलं. ती भिंत फिकट गुलाबी, सगळ्यांचे चेहरे ताप आल्यासारखे. शेवटी जावेने सुचवलं, "चादर लाव ना." कपडे वाळत घालायच्या दोरीवर पांढरी चादर ताणून बांधली, फ्लॅश तिच्याकडे केला, आणि खिडकीतून येतो तसा मऊ उजेड खोलीभर पसरला. बाबा आरामखुर्चीत बसलेले, त्यांच्या चष्म्यात चमक नाही, मागे सावली नाही. आजवर त्या खोलीत असा फोटो निघालेला नव्हता.

चादर स्वच्छ पांढरी हवी. नीळ जास्त झालेली चालत नाही, रंग उतरतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

फ्लॅश लावला की माणसं पांढरी आणि मागे देव्हाऱ्याचा बल्ब भडक नारिंगी, असं येतं. फ्लॅशचा उजेड दिवसासारखा थंड, बल्बचा पिवळा, कॅमेऱ्याला एकाच वेळी दोन्ही सांभाळता येत नाहीत. चाळीतले एक काका नाटकांच्या लाइटचं काम करतात, साहित्य संघात नेहमी असतात. त्यांना सांगितल्याबरोबर पिशवीतून केशरी जिलेटीनचा तुकडा काढून दिला. फ्लॅशच्या तोंडावर चिकटपट्टीने लावला आणि व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं ती सेटिंग) बल्बवर ठेवला. दोन्ही उजेड एका जातीचे झाले. काकांनी पैसे घेतले नाहीत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबायला तयार नाही, मध्य रेल्वे ठप्प. घरीच. डब्यातला मापक ६२ वर गेला, सिलिका बदलली. दिवसभर निरांजन लावून सराव केला. फ्लॅश पूर्ण चालवला तर ज्योत मरून जाते. फ्लॅशची ताकद दीड-पावणेदोन पायऱ्या (एक पायरी म्हणजे निम्मा उजेड) कमी, शटर १/६०, आयएसओ १६०० असं ठेवलं की ज्योतीचा उजेड चेहऱ्यावर दिसतो आणि चेहराही काळा पडत नाही. आरतीला हेच.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

मूर्ती दारात आल्यापासून दुपारच्या आरतीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. चादरीला मखराच्या बाजूला कायमची जागा करून दिली, आल्यागेल्याला वाटलं सजावटच आहे.

नवी अडचण संध्याकाळी आली. मखराला एलईडीच्या माळा आहेत. फ्लॅश बंद करून ५० च्या लेन्सने १/२५० वर फोटो काढले तर काहींत आडवे काळपट पट्टे, काहींत मखर निम्मं विझलेलं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर १/१०० वर आणलं की प्रत्येक फोटोत मंद-तेज होण्याची एक पूर्ण फेरी येते आणि पट्टे जातात. त्यानंतर रात्रभर १/१०० आणि १/५० सोडून दुसरं काही वापरलं नाही. एलईडीची रोषणाई असलेल्या कुठल्याही घरात हे आधी लावून ठेवावं.

१ सप्टेंबर, सोमवार, गौरीपूजन

दिवसाचे फोटो उत्तम. गौरींचे मुखवटे, नथी, ओवशाची सुपं, ५० च्या लेन्सने जवळून. जरीच्या काठाचा धागा न् धागा मोजता येतो.

रात्री झिम्मा-फुगडी. इथे जुना कॅमेरा अडला. फुगडीत चेहरे गरगरत असतात, फोकस लागेपर्यंत समोर दुसरीच असते. उपाय केला तो असा: १८ च्या टोकाला, एफ/५.६, फोकस एकदा दोघींच्या मधल्या हातांच्या पकडीवर लावून हातानेच कायम केला आणि चादरीवरून फ्लॅश, शटर १/२००. फ्लॅशचा लखलखाट इतका क्षणिक असतो की फिरणारं माणूस जागच्या जागी थांबतं. सुटलेल्या वेण्या हवेत, जाऊ हसत मागे झुकलेली, असे काही फोटो मिळाले. बरेच गेलेही. भाड्याचा तो मिररलेस हातात असता तर फुगडीचे याहून पुष्कळ जास्त मिळाले असते, यात मला शंका नाही. व्हिडिओ फोनवरच काढला. या कॅमेऱ्याचा फोकस व्हिडिओत सारखा चाचपडतो.

७ सप्टेंबर, रविवार

फोटो निवडून झाले. जूनमध्ये केले तसेच बिघडलेल्यांचे ढीग केले. हललेल्यांचा ढीग आता सगळ्यांत लहान. मोठा ढीग फोकस चुकलेल्यांचा, आणि तो जवळजवळ सगळा फुगडीच्या रात्रीचा.

झालेला खर्च: फंगस साफ करणं १,२००, डबा आणि सिलिका ७५०, भाडं ३,०००, चाचणीचे प्रिंट ६४०, लेन्स ५,८००, फ्लॅश ८,९००. एकूण २०,२९०.

निर्णय: यंदा बॉडी घ्यायची नाही. आमच्या घरचे फोटो मुख्यतः बसलेल्या, बोलणाऱ्या, जेवणाऱ्या, पूजा करणाऱ्या माणसांचे आहेत आणि त्यांना हा कॅमेरा आता पुरतो. लेक शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळायला लागला, किंवा व्हिडिओ नीट काढायची गरज पडली, तर प्रश्न पुन्हा उघडेन आणि तेव्हा डोळ्यावर फोकस धरणारा मिररलेसच घेईन. ज्यांच्या घरात आत्ताच दोन धावती पोरं आहेत आणि मोठी माणसं फोटोत फारशी नसतात, त्यांनी माझ्या निर्णयावर जाऊ नये. त्यांनी एक शनिवार-रविवार भाड्याने आणून बघावा.

ज्यांना हेच करायचंय त्यांनी क्रम मात्र असा ठेवावा: आधी बिघडलेल्या फोटोंची माहिती वाचा, मग मेनूतली आयएसओची मर्यादा बघा, मग लेन्सवर टॉर्च मारा. या तिन्हीला पैसे लागत नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंचा गौरीसमोरचा फोटो १२ बाय १८ मध्ये छापून आणला, मॅट कागदावर. पहिल्या प्रिंटमध्ये चेहरा लालसर आला. लॅबवाल्याला केशरी जिलेटीनचं सांगितल्यावर त्याने रंग थोडा थंड करून पुन्हा काढून दिला, पैसे एकाच प्रिंटचे घेतले. संगणकाच्या पडद्यावर बरोबर दिसणारा रंग कागदावर तसाच येईल असं धरू नका, मोठा काढण्याआधी त्याच कागदावर ४ बाय ६ चा एक काढून पाहा. फ्रेमवाल्याकडे आजच टाकलाय, काचेऐवजी ॲक्रिलिक सांगितलंय, चाळीच्या भिंतीला ओल येते म्हणून मागे सनबोर्ड आणि भिंतीपासून थोडं अंतर ठेवणारे रबरी ठोकळेही लावायला सांगितले. दिवाळीच्या आधी मिळेल. फ्लॅश सध्या दिराकडे आहे, त्याच्या ऑफिसातल्या कुणाचं बारसं आहे म्हणे. चादरही सोबत दिली.